आमची वाटचाल : बोंडूचा रस बाटलीत कसा आला

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा सीझन मार्च ते मे. बागायतदार बी काढून घेतो, बोंडू, म्हणजे बीला लागून असलेलं रसाळ फळ, फेणी गाळायच्या भाटीवर जातो नाहीतर झाडाखालीच कुसतो. काजू फेणीला 2009 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा आम्हाला अभिमान आहेच, पण ज्या बोंडूत संत्र्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी असतं त्याचा साधा प्यायचा रस दुकानात का मिळू नये, एवढ्याच विचाराने आम्ही नवरा-बायकोने वाळपईजवळ छोटं युनिट टाकलं.

मेन अडचण म्हणजे घशाला धरणारा तुरटपणा, तो टॅनिनचा. ओल्ड गोव्याच्या आयसीएआर या शेती संशोधन संस्थेत गेलो, ही संस्था 1976 पासून गोव्यात आहे, पण आमच्यासारख्या बऱ्याच जणांना ती फक्त रोपं आणायला माहीत. तिथल्या सरांनी साबुदाण्याची पेज घालायची पद्धत समजावली. टॅनिन पेजेतल्या स्टार्चला धरतं आणि गाळ होऊन खाली बसतं, वरचा नितळ रस काढून घ्यायचा, बस.

लॅबमध्ये बरणीत सुंदर जमलं. आमच्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मात्र सकाळी बघतो तर रस फसफसलेला, एप्रिलचा उकाडा आणि बोंडूच्या सालीवरचंच यीस्ट (रस आंबवणारे सूक्ष्मजीव), म्हणजे भाटीवाल्याला जे हवं तेच आम्हाला नको होतं! सरांकडे सीझनभर आमच्या शेडमध्ये थांबायला वेळ कुठला, म्हणून त्यांनीच ताळगाव पठारावरच्या युनिव्हर्सिटीत शब्द टाकला आणि मायक्रोबायोलॉजीची एक एमएस्सीची मुलगी प्रोजेक्टसाठी आली. ती ड्रमच्या वरून, मधून, तळातून सॅम्पल काढायची, पीएच बघायची, प्लेटवर यीस्ट वाढवून मोजायची, रात्रीसुद्धा. मग एक दिवस म्हणाली, "दादा, ड्रम खोल आहे म्हणून गाळ बसायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात यीस्ट पुढे निघून जातं."

झालं, उत्तर तिथंच होतं. उथळ पसरट स्टीलची टाकी केली, आणि डेअरीवाले दूध थंड ठेवायला वापरतात तो कूलर सेकंडहँड घेतला, रस काढल्या काढल्या चार डिग्रीवर. गाळ बसला की लगेच पाश्चराइझ करून, म्हणजे जंतू मरतील इतका तापवून, गरम गरमच बाटलीत. बोंडू पडल्या दिवशीच उचलायचा, दुसऱ्या दिवशीचा घेतच नाही.

एका ऑफिसात आमची फाईल बरीच रखडली, त्यावर जास्त बोलत नाही. पण एक मात्र ठामपणे सांगेन, सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या की पद्धत कोणाची, सुधारणा कोणाची, विद्यार्थी पेपर कधी छापणार. आमचं हे आधीच ठरलं होतं म्हणून आजपर्यंत आम्ही, संस्था आणि युनिव्हर्सिटी या तिघांत कधी कुरबुर झाली नाही. आणि संस्थांनी तंत्र देताना सीझनमध्ये एक माणूस पण द्यावा, निदान विद्यार्थी तरी, कारण बरणी आणि ड्रम यांच्यामधलं जे अंतर आहे ते आमच्यासारख्याला एकट्याने कापता येत नाही.

आता रस काढून उरलेल्या चोथ्याच्या मागे लागलोय. वाळवून पीठ करून बिस्किटात घालून बघितलं, चव बरी आहे पण तुरटपणा अजून थोडा राहतो, त्याची सॅम्पल लॅबला दिलीत. पुढच्या सीझनला दुसरा विद्यार्थी याच कामावर येणार आहे.