शेवटी शून्य असलेले आकडे

मासिक आढाव्याच्या आदल्या दिवशी तक्ता भरताना एका आरोग्य केंद्राची लसीकरणातली गळती उणे आली. हिशेब सोपा आहे: पेंटा या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस घेतलेल्या बालकांतून तिसरा घेतलेली वजा करायची, उत्तराला पहिल्याच्या संख्येने भागून शंभराने गुणायचं. 10 टक्क्यांच्या वर गेली की चौकशी. उणे आली, तर एकतर बाहेरची मुलं तिसऱ्या डोसला आलीत किंवा नोंदीत घोळ आहे. तक्त्यात मात्र हे केंद्र हिरवंगार, क्रमवारीत पहिलं.

मागच्या महिन्यांच्या पेंटाच्या तिन्ही डोसांची बेरीज काढली: 40, 50, 60, 40. मुलं काही दहाच्या पटीत येत नाहीत. कुपी मात्र 10 डोसची असते.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन शेवटच्या महिन्याचं एकेक नाव मोजलं. रिपोर्टात 40, रजिस्टरात 34. म्हणजे पडताळणी (रिपोर्टातल्या आकड्यापैकी रजिस्टरात सापडलेली नावं) 85 टक्के. 100 पेक्षा जितकी कमी, तितका आकडा फुगलेला. सिस्टरांनी सगळं सरळ सांगितलं. गर्दीत टॅलीच्या कागदावर दर डोसामागे रेघ मारायला हात मोकळा नसतो, रिपोर्ट मात्र संध्याकाळीच हवा. मग फोडलेल्या कुप्या गुणिले दहा. तिन्ही डोस एकाच कुपीतून निघतात, त्यामुळे पहिला-दुसरा-तिसरा ही वाटणी अंदाजाने. उणे गळती तिथून आली. वाया गेलेले डोसही मुलांच्या खात्यावर. (उरलेली कुपी, अटी पाळल्या असतील तर, 28 दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांत चालते, म्हणजे कुप्यांवरून मुलं मोजणं दुहेरी चूक.) मागे आकडा कमी आला तेव्हा भर बैठकीत उभं केलं होतं, हेही त्या बोलल्या. माझ्या मते मुळाशी हेच होतं. लाल रकान्याला बोलणी बसणार असतील तर रकाना हिरवाच येतो.

आधी एकाच सत्रात बदल करून पाहिला. टोचून झालं की कार्ड शेजारच्या टेबलावर. तिथे आधी रजिस्टर, मग टॅलीची रेघ, मग पुढची तारीख, किमान 4 आठवड्यांनंतरची. रेघा आणि नावं जुळल्याशिवाय रिपोर्ट नाही. कुप्यांचा रकाना वेगळा. न आलेल्या बालकांची यादी त्याच संध्याकाळी, प्रत्येक नावापुढे घरी कोण जाणार ते लिहून.

आढाव्याच्या तक्त्यातून क्रमवारी काढली. तिच्या जागी कारण, कोण काय करणार आणि कधीपर्यंत, असे तीन रकाने आले.

पुढच्या महिन्यात ते केंद्र लाल झालं. रंग तसाच ठेवला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: मोजणी सुधारली.