वाळू कुठून येते आणि कुठे जाते

लाट ओसरत असताना घोटाभर पाण्यात स्थिर उभे राहिले, की टाचांखालची वाळू निसटत जाते आणि पाय आत रुततात. किनाऱ्याकडे पाहण्याची माझी दृष्टी या अनुभवाने बदलली. आपण जिला एक जागा समजतो ती पुळण म्हणजे खरे तर प्रवासात असलेली वाळू असते. जितकी वाळू येते तितकीच पुढे जात राहिली, तर किनारा जागच्या जागी असल्यासारखा दिसतो, इतकेच.

लाट किनाऱ्यावर बहुधा तिरकी येते आणि वाळूचे कण तिरकेच वर ढकलते. परतणारे पाणी मात्र उताराने सरळ खाली उतरते. अशा असंख्य फेऱ्यांतून एकेक कण करवतीच्या दात्यांसारखी वाट काढत किनाऱ्याला समांतर सरकत राहतो. काठाशी काटकोनात बांध घातला, तर एका बाजूला वाळू साचते, आणि पलीकडचा किनारा तेवढ्याच वाळूला मुकून खचू लागतो.

समुद्रात पुढे घुसलेल्या जमिनीच्या टोकांवर, म्हणजे भूशिरांवर, मात्र झीजच अधिक. उथळ पाण्यात लाटा मंदावून वळतात, त्यामुळे त्यांचा जोर भूशिरावर एकवटतो. तेथे आधी गुहा, मग कमान आणि शेवटी एकटा सागरी स्तंभ उरतो. माल्टाच्या गोझो बेटावरील प्रसिद्ध कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली, तेव्हा मलाही हळहळ वाटली. परंतु ती कमान ज्या लाटांनी घडवली, त्याच लाटांनी ती पाडली होती.

खरी हळहळ मला वाटते ती डेव्हनमधील हॉलसँड्स या इंग्लिश कोळीवाड्याची. खडकाच्या अरुंद पायरीवर वसलेल्या या गावाचे रक्षण समोरची गोट्यांची पुळण करीत असे. प्लिमथच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी 1897 पासून तेथील समुद्रतळातून लाखो टन गोटे उपसण्यात आले. समुद्र ती भर पुन्हा आणून टाकील, असे गृहीत धरले गेले होते. परंतु ते गोटे फार जुन्या काळी साठलेले होते आणि त्यांचा नवा पुरवठा कोठूनही होत नव्हता. पुळण खाली खाली जात असल्याचे मच्छीमारांना दिसत होते. त्यांच्या तक्रारींनंतर 1902 मध्ये उपसा थांबला, पण तोवर उशीर झाला होता. जानेवारी 1917 मध्ये पूर्वेकडून आलेले वादळ आणि मोठी भरती एकाच वेळी गाठ पडली, आणि राहण्याजोगे एकच घर उरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

वाळूची वाट समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतही अडते. 1970 मध्ये पूर्ण झालेल्या आस्वान धरणामागे नाईलचा गाळ अडकला, आणि रोझेटाजवळ नदीच्या मुखाशी असलेली जमीन समुद्र वेगाने गिळू लागला.

नेदरलँड्समध्ये 2011 मध्ये याच्या नेमके उलट केले गेले. हेग शहराजवळ सुमारे 2.15 कोटी घनमीटर वाळू आकड्याच्या (हुकाच्या) आकाराच्या द्वीपकल्पासारखी रचून ठेवली, आणि ती पसरवण्याचे काम वारा, लाटा आणि प्रवाह यांच्यावर सोपवले. तेव्हापासून तो आकडा झिजत, सपाट होत चालला आहे आणि त्याची वाळू दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांवर जाऊन बसते आहे.