लेबलवरची वेलांटी

दोन वर्षांपूर्वी, ऐन मार्चमध्ये, प्रेसमधून दोन हजार स्टिकरांचे गठ्ठे घरी आले. सासूबाईंनी पहिला गठ्ठा सोडला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अगं, हे 'मरिची' काय लिहिलंय?" मिरचीची वेलांटी 'म'च्या पुढे उभी राहायची ती मागे सरकून 'र'ला जाऊन चिकटली होती. खाली 'ब्याडगी'तल्या 'ब'चा पाय मोडलेला, 'या' सुटा पडलेला. सहा हजार चारशे रुपये गेले. त्या सीझनला आम्ही कोऱ्या पुड्यांवर रबरी शिक्का मारून चटणी विकली.

आमचा धंदा कांदा-लसूण चटणीचा, कोल्हापुरात, घरातूनच. पाडव्याच्या आधीपासून मे संपेपर्यंत डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीवर, नंबर लावायचे, ब्याडगी-संकेश्वरी मिरच्यांचं प्रमाण सांभाळायचं, खोबरं भाजायचं. त्यातून मार्केटिंगला वेळ निघत नाही. एका एजन्सीनं महिन्याला अठरा हजार सांगितले, ते आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून मी एका वेबसाइटवरून बाराशे रुपयांत लेबल करून घेतलं. करणारा मुलगा परराज्यातला, चित्रात हात चांगला, पण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला मजकूर त्यानं जसाच्या तसा चिकटवला आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सेटिंग चालू नसल्यानं अक्षरं फुटली. त्याला ते कळणार तरी कसं? मंजुरी मीच दिली होती, डंकावर उभं राहून, मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर.

तेव्हापासून एक नियम केलाय. ज्या कामात मराठी अक्षर आहे ते मराठी वाचणाऱ्याकडेच द्यायचं, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. फोटोतला मागचा भाग काढणं, रीलचे तुकडे जोडणं, पत्त्यांची यादी एक्सेलमध्ये भरणं, ही कामं कुठूनही करून घेता येतात.

दुसरं म्हणजे, "आमचं मार्केटिंग बघा" असं कुणालाच सांगायचं नाही. त्या वाक्याचा अर्थ समोरचा त्याला हवा तसा लावतो आणि पैशांवरून वाद होतात. मी आता वहीत अर्धं पान लिहून काढते आणि त्याचाच फोटो पाठवते. शेवटच्या लेबलाचं पान असं होतं: पाव किलोची पुडी, स्टिकर चार इंच बाय तीन. मजकूर टाइप करून वेगळा पाठवलाय, एकही अक्षर बदलायचं नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी आणि पॅकिंगची तारीख यांना जागा ठेवायची. लाल रंग मिरचीचा हवा, कुंकवाचा नको (सोबत पुडीचा फोटो). दोन दुरुस्त्या ठरलेल्या पैशांत, तिसरीचे दीडशे वेगळे. फाइल पीडीएफ आणि कोरलमध्ये (प्रेसवाल्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर), फॉन्ट कर्व्ह करून. ही शेवटची ओळ मला प्रेसवाल्या काकांनी शिकवली. फॉन्ट कर्व्ह केला की अक्षराचं चित्र होतं, मग ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर फुटत नाही.

नवीन माणसाला आधी छोटं काम देते, आणि त्याचे पैसे देते. पुष्कळ जण "एक सॅम्पल फुकट करून दाखव" म्हणतात, मला ते पटत नाही. तीनशे रुपयांचं एक पोस्ट सांगितलं की माणूस वेळ पाळतो का, न कळलेलं विचारतो का, हे तीन दिवसांत समजतं. मोठ्या कामाला अर्धे आधी आणि अर्धे फाइल हातात आल्यावर.

पासवर्डचं मात्र कळकळीनं सांगते. ओळखीतल्या एका ताईंनी दुकानाचं गुगलवरचं पान पोस्ट टाकणाऱ्या मुलाच्याच ईमेलवर उघडू दिलं. मुलगा नोकरी लागून गेला, फोन उचलेना, आणि पानावर जुनाच नंबर राहिला. पान आपल्या ईमेलवर उघडायचं, मालक आपणच राहायचं आणि मदतनिसाला फक्त मॅनेजर म्हणून जोडायचं. काम संपलं की काढता येतं. फेसबुक-इन्स्टाग्रामलाही पासवर्ड न देता असा प्रवेश देता येतो.

लोगोचंही तसंच. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं मी धरून चालले होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क आपल्याकडे घ्यायचे तर लेखी कागद आणि सही लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतंच. म्हणून आता चार ओळींच्या कागदावर "कायमसाठी, सर्व ठिकाणी" असं लिहून सही घेते.

सध्या आमचं काम कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी करते. महिन्याला आठ पोस्ट, दोन रील, चार हजार रुपये. एक तारखेला सकाळी तिला यूपीआयनं पैसे जातात, माल खपो न खपो. ती पहिल्या आठवड्यात डंकावर आली, ठसक्यानं डोळे पुसत तासभर थांबली आणि मुसळ मिरचीवर पडतानाचा आवाज मोबाइलवर घेऊन गेली. त्या रीलवर एक अक्षरही नाही, नुसता आवाज आणि उडणारी लाल पूड. पुण्या-मुंबईकडून पहिल्या अकरा ऑर्डरी त्यावरूनच आल्या. तिनं न मागता त्या तासाभराचे वेगळे पैसे मी तिला दिले. कमी पैशात काम करणाऱ्या पोरांना वर आणि पैशांसाठी ताटकळत ठेवणं मला बघवत नाही.

ग्राहकांच्या मेसेजला उत्तरं अजून मीच देते. "यंदा तिखट जरा कमी करा" म्हणणाऱ्या काकूंना दुसऱ्या कुणी काय सांगायचं?

काल अर्धा किलोच्या पुडीचं नवं लेबल आलं. आता मी ते कागदावर छापून सासूबाईंपुढे ठेवते. त्या बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचतात. मिरची बरोबर होती, ब्याडगी बरोबर होती. 'लसूण'वर बोट थांबलं, 'स'ला ऱ्हस्व उकार पडला होता. टाइप करताना चूक माझीच झाली होती. प्रेसवाल्या काकांना फोन करून उद्या दुपारपर्यंत थांबायला सांगितलंय.