टायरवरची अक्षरं पांढरीफटक नकोच

आपण गाड्यांच्या छोट्या मॉडेलचे किट बनवणारे लोक बॉडीला कोटावर कोट मारतो, घासून पॉलिश करून त्यात तोंड दिसेल इतकी चकाचक करतो, आणि टायर मात्र पिशवीतून काढले की तसेच रिमवर चढवतो. मग एवढी देखणी गाडी चार करपलेल्या मेदूवड्यांवर उभी केल्यासारखी दिसते. बरं, जे टायरवर कंपनीच्या नावाची अक्षरं टाकतात ते इतकी पांढरीफटक टाकतात की आधी टायर दिसतो आणि मग सवडीने गाडी. माझा वाद या दुसऱ्या मंडळींशी आहे.

खऱ्या गाडीवर ती पांढरी अक्षरं रंगवलेली नसतातच मुळी. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आत पांढऱ्या रबराचा थर असतो, वर काळ्या रबराची पातळ कातडी, आणि कारखान्यात अक्षरांवरची तेवढी कातडी घासून काढतात. थोडे दिवस गाडी फिरली की रबरातली तेलं वर येतात आणि पांढरं पिवळट-तपकिरी पडतं. म्हणून मी पांढऱ्यात थेंबभर करडा आणि टोकावर मावेल इतका ब्राऊन घालतो. फोटोत ते पांढरंच दिसतं, फक्त ओरडत नाही.

आता साइज. खरं अक्षर अडीच-तीन सेंटीमीटर उंच धरलं तर १:२४ ला, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मॉडेलवर, ते एक-सव्वा मिलिमीटर होतं, १:६४ ला अर्धा मिलिमीटर पण नाही. गिरगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांना मी हे छापून द्याल का विचारलं, तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अरे बाळा, हे वाचणार कोण?" प्रश्न बरोबर आहे. आणि झेरॉक्सवाल्याकडे पारदर्शक डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं चित्र) शीटवर छापू म्हणाल तर तेही नाही जमत, कारण साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाईच नसते, कागद पांढरा असतो म्हणून आपलं भागतं, काळ्या टायरवर काहीच दिसणार नाही. त्यामुळे तयार डिकल, घासून चिकटवायची ट्रान्सफर अक्षरं (ड्रॉइंग शिकलेल्या जुन्या लोकांना लेट्रासेट आठवेल), नाहीतर पत्र्याचं स्टेन्सिल.

किटच्या टायरवर अक्षरं उठावदार असतील तर नशीब समजा. आधी विमने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर काहीच टिकत नाही. मधली साच्याच्या जोडाची शिवण पॉलिश पेपरवर फिरवून घालवा, टायर चाललेला पण वाटतो. मग मेकअपच्या स्पंजचा छोटा तुकडा चिमट्यात धरायचा, रंगात टेकवायचा, टिश्यूवर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि अक्षरांच्या माथ्यावर हलकेच टिपायचा, टिपायचाच, घासला की रंग खाली उतरतो आणि सगळी माती. ब्रशपेक्षा हे कितीतरी सोपं. रंग ऍक्रिलिकच घ्या. या मऊ टायरमधून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येत राहतं, त्यावर इनॅमल मारला तर महिनोन्महिने चिकट राहतो.

अक्षरांचे पाय रिमकडे, डोकी रस्त्याकडे. आणि चारही चाकांवर नाव बरोब्बर वर आणून गाडी उभी करू नका हो, अशी गाडी फक्त शोरूममध्ये असते. एकाचं वर, एकाचं तिरकं, एकाचं पार खाली गेलेलं, असं पाहिजे.

एफ-१ (फॉर्म्युला वन) रेसच्या गाड्या करणाऱ्यांनी तर रंग आधी तपासा, तिथे टायर किती मऊ ते नावाच्या रंगावरून कळतं. पिरेली कंपनीचे टायर २०११ पासून आहेत, पण पांढरा हार्ड, पिवळा मीडियम, लाल सॉफ्ट हे गणित २०१९ पासूनचं. २०१८ च्या गाडीला जांभळा अल्ट्रासॉफ्ट आणि गुलाबी हायपरसॉफ्ट पण चालतो. आणि गुडइयर १९९८ नंतर एफ-१ मध्ये नाही, त्यामुळे पुढच्या वर्षांच्या गाडीवर ते पिवळं नाव दिसलं की मला तरी राहवत नाही.

पण खरी मजा आपल्या गाड्यांची. पद्मिनी टॅक्सी, मारुती ८००, यांच्या टायरवर पांढरं नाव कुणी बघितलंय? नाव असतंच, सीएट असो की एमआरएफ, पण काळ्यावर काळं. तिथे मी टायर टॅमियाच्या एक्सएफ-८५ रबर ब्लॅकने मॅट करतो आणि अक्षरांवर फक्त सेमी-ग्लॉस काळा टिपतो. समोरून काहीच कळत नाही, गाडी दिव्याखाली जरा तिरकी धरली की नाव उमटतं. वर पातळ मातकट रंगाचा वॉश, आणि फुटपाथला घासलेल्या बाजूला करड्या रंगाचे दोन-चार ओरखडे, कारण या शहरात साइडवॉल न घासता पार्किंग होत नाही. काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, त्यामुळे जुने फोटो जपून ठेवा, रिमोल्ड (झिजल्यावर नवं रबर चढवलेले) टायर कसे दिसायचे ते त्यातच सापडेल.

शेवटी डिकल लावलं असेल तिथे मॅट वार्निश, त्याची चमक मारायला. पावसाळ्यात स्प्रे मारू नका, हवेतल्या दमटपणाने वर पांढुरकी झाक येते आणि एवढं जपून काळं केलेलं सगळं राखेसारखं दिसतं. ब्रशने ऍक्रिलिक मॅट लावा, नाहीतर सरळ गणपती जाऊ द्या आणि ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी बाल्कनीत मारा.