नळाला मुंग्या येतात

सोलापुरात वायरिंगची कामं करतो मी. मागच्या थंडीत ओळखीच्या एका काकूंचा फोन आला की अरे बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात, सवडीने येऊन बघ. सवडीने कसलं, मी म्हटलं काकू आधी गिझरचं बटण बंद करा आणि मी येईपर्यंत कुणी तिकडे फिरकू नका.

गेलो तर सूनबाई सांगतात, महिनाभर आम्ही रबरी चप्पल घालूनच आंघोळ करतोय. मी विचारलं आणि बाळ? पहिलीतला नातू, तो अनवाणीच. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

सगळ्यांना बाहेर ठेवून दोन मिनिटं गिझर चालू केला, टेस्टर नळाला लावला तर दिवा लागला, मीटरवर नळ आणि न्यूट्रलमध्ये शंभरच्या वर व्होल्ट. मेन बंद करून गिझर खोलला. बोअरच्या पाण्याने कॉइलवर बोटभर पांढरा क्षार आणि खाली कॉइलचीच नळी फुटलेली, म्हणजे करंट सरळ पाण्यात. मग अर्थिंगने तो ओढून न्यायला हवा होता ना, तर मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी हिरवी वायर गंजून तुटलेली, हातात घेतली तर भुगा झाला.

पण खरा धक्का बसला तो मेन बोर्डात. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की पडून लाइन तोडणारा स्विच, तो होता, पण आधी कुणीतरी त्याच्या वरची आणि खालची वायर थेट जोडून टाकली होती. काकू म्हणाल्या, "तो सारखा पडायचा रे, म्हणून लाइनमधून काढून घेतला." अहो तो पडत होता कारण कॉइल तेव्हाच लीक व्हायला लागली होती, तो ओरडून सांगत होता आणि आपण त्याचंच तोंड बांधलं. एमसीबी आहे की, असं लोक म्हणतात, पण तो पडतो ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढला तर; 2000 वॉटचा गिझर नऊएक अँपिअर घेतो, त्याचा एमसीबी 16 चा, आणि माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो, एमसीबीला ते कळणारच नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्यासाठीच असतो.

कॉइल बदलली, नवीन अर्थिंग केलं, आरसीसीबी नवा बसवला. संध्याकाळ झाली. नातवाला स्टुलावर उभं करून टेस्टचं बटण दाबायला लावलं, खट्ट झालं आणि घरभर अंधार. काकू आतून ओरडल्या, "पडला का रे?"

म्हटलं पडला काकू, आता बरोबर पडतोय.