आपोआप संपणारी हस्तकला

लहान मुलांबरोबर घरी काय काय बनवता येईल, हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. बनवलेलं ठेवायचं कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. नेरूळच्या आमच्या वन बीएचकेत फ्रिजच्या डोक्यावर एक फ्लेमिंगो उभा आहे. नवी मुंबईला फ्लेमिंगो सिटी म्हणायला लागल्यापासून हिवाळ्यात शाळेला हा पक्षी हवाच असतो. अंग पेपर प्लेटचं, आणि २०२२ च्या जुलैपासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी, म्हणून पाय कागदी स्ट्रॉचे. खाडीतले खरे फ्लेमिंगो पावसाच्या तोंडावर निघून जातात. आमचा हलत नाही. दमट हवेने त्याचा एक पाय लुळा पडला, तर नात म्हणते, फ्लेमिंगो एकाच पायावर उभे राहतात! त्याच्या पंखांवरची चमकी अधूनमधून वरणात सापडते.

‘टाकाऊतून टिकाऊ’ला माझा विरोध नाही, पण टिकाऊला जागा लागते. म्हणून हल्ली मी नातीबरोबर आपोआप संपेल असंच काहीतरी करतो.

यात कणकेला तोड नाही. पोळ्या चालू असताना हिच्याकडून लिंबाएवढा गोळा मागून घ्यायचा. एक टोक चिमटीत ओढलं की चोच, दुसरं दाबलं की शेपूट. पाठीवर कात्रीच्या टोकाने बारीक बारीक चिमटे घेत गेलं की पिसं उभी राहतात. हे काम आजोबांचं. डोळ्यांना मोहरीचे दाणे नातीने खोचायचे, आणि ते दोन्ही एकाच बाजूला आले तरी गप्प बसायचं. मग चिमणी तव्याच्या कडेला मंद आचेवर भाजायची. घाई केली तर चोच करपते आणि पोट कच्चं राहतं. “अहो, माझा तवा अडलाय,” असं दोनदा ऐकून घ्यावं लागतं. वर तूप सोडलं की झालं. नात आधी डोकं खाते, म्हणजे चिमणीला पुढचं काही दिसत नाही!

भेंडीचा देठाकडचा तुकडा आपण टाकूनच देतो. तो जाडसर कापला की कापाच्या जागी बहुधा पाच पाकळ्यांचं फूल दिसतं. कापडाने टिपून घ्यावा, नाहीतर चिकट पाण्याने ठसा फिसकटतो. रंगाला पाण्यात कालवलेली हळद. ठसे वाळले की त्यांवर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवायचं: पिवळं फूल बघता बघता तांबडं होतं. आमच्याकडे अख्खी दुपार यावर गेली, आणि हात धुतानाही बोटं तांबडी होतात म्हटल्यावर साबणही गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हा तर माझ्या दृष्टीने तिचा मोठाच गुण. कागद खिडकीशी लावून ठेवला की फुलं आपणच फिकी पडतात.

चिकटवायला खळ. चमचाभर मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग गॅसवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी, मुलांच्या हाताशी नकोच. आणि बिनमोरचुदाच्या खळीवर झुरळांनी ताव मारला, तर माझं अर्धं काम परस्पर होतं.

कागदी होड्यांबद्दल काय सांगायचं, त्या पावसाच्याच असतात. पिंपळाच्या पानाची पिपाणी मात्र जरूर करावी. कोवळं पान नको. जून पान घट्ट गुंडाळायचं, एक टोक ओठांत चपटं करायचं आणि फुंकायचं. पहिल्यांदा नुसती थुंकी उडते. मग एकदम असा काही आवाज निघतो की खालच्या मजल्यावरची दुपारची झोप संपते. संध्याकाळपर्यंत पान मलूल होऊन पिपाणी मुकी पडते खरी, पण सोसायटीच्या कुंपणात उगवलेल्या पिंपळाला पानं भरपूर आहेत, आणि नातीचा हात आता खालच्या फांदीला पुरतो.