सॅन अँड्रियासच्या काठाकाठाने

दोन मोठ्या भूकंपांच्या मधल्या काळात जमीन काय करत असते, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून कॅलिफोर्नियातल्या होलिस्टर गावापासून निघून सॅन अँड्रियास भ्रंशाच्या (भ्रंश म्हणजे जमिनीतली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींलगत सरकतात) सोबतीने दक्षिणेला कॅरिझोच्या मैदानापर्यंत गेलो.

होलिस्टरमधून जातो तो कॅलाव्हेरास भ्रंश, सॅन अँड्रियासच्याच कुटुंबातला. इथे फुटपाथच्या कडा चालता चालता मध्येच वाकलेल्या दिसतात. धक्का न देता जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकते आहे. पुढे पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानात ज्वालामुखीच्या खडकांचे सुळके आहेत. त्याच ज्वालामुखीचा उरलेला भाग भ्रंशाच्या पलीकडे, दक्षिणेला ३०० किलोमीटरहून जास्त अंतरावर नीनॅक इथे आहे. खडकांचं वय २ कोटी ३० लाख वर्षं. सुळक्यांखाली उभं राहून नकाशा उघडला आणि त्या दोन जागांमधलं अंतर बघतच राहिलो.

पार्कफील्ड अगदी चिमुकलं गाव. ओढ्यावरच्या पुलाच्या एका टोकाला पॅसिफिक प्रस्तराची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एका अवाढव्य सरकत्या तुकड्याची पाटी, दुसऱ्या टोकाला उत्तर अमेरिकन प्रस्तराची. १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ साली इथे भूकंप झाले, म्हणजे सरासरी २२ वर्षांनी एक. त्यावरून पुढचा १९९३ च्या आत होणार असं भाकीत झालं आणि सगळा परिसर उपकरणांनी भरून गेला. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला, ६.० तीव्रतेचा. इतकी यंत्रं कान लावून बसलेली असताना आधी कसलीही ठळक चाहूल लागली नाही. शिवाय १९६६ मध्ये फाट वायव्येकडून आग्नेयेकडे धावली होती, या वेळी उलट दिशेने. मला हे भाकिताचं अपयश वाटत नाही. भ्रंशाविषयी इतकी स्वच्छ माहिती फार कमी ठिकाणी मिळाली आहे.

पार्कफील्डच्या वायव्येला भ्रंश संथपणे सरकत राहतो. तिथे तीन किलोमीटरहून खोल विंधन घेऊन काढलेल्या खडकांत सॅपोनाइट नावाचं मऊ, निसरडं चिकणखनिज सापडलं. आग्नेयेला मात्र भ्रंश घट्ट अडकलेला आहे, आणि मोठे भूकंप घडतात ते अशा अडकलेल्या भागांतच.

त्या अडकलेल्या भागातच कॅरिझोचं मैदान येतं. झाडं जवळजवळ नाहीतच, पाऊस कमी, त्यामुळे हजारो वर्षांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. मी सर्वांत जास्त वेळ इथे, वॉलेस क्रीकपाशी घालवला. टेंब्लर डोंगरांतून कोरडा ओढा सरळ खाली येतो, भ्रंशाला लागताच काटकोनात उजवीकडे वळतो, सुमारे १३० मीटर भ्रंशाच्या कडेने जातो आणि पुन्हा डावीकडे वळून मैदानात उतरतो. ओढा मुळात सरळच वाहायचा. त्याच्या खालच्या अंगाची जमीन वायव्येकडे निघून गेली. केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी इथे चर खणून, गाळातल्या कोळशाचं वय काढून हिशोब मांडला: १३० मीटरला सुमारे ३,७०० वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण ३४ मिलिमीटर. बोटांची नखं वाढतात तोच वेग.

फक्त ही सरासरी आहे. प्रत्यक्षात इथली जमीन वर्षानुवर्षं भ्रंशापाशी तसूभरही हलत नाही. दूरवरचे प्रस्तर पुढे जात राहतात, मधला खडक वाकत राहतो, आणि घर्षण हरलं की साठलेलं सगळं अंतर एकदम कापलं जातं. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर जमिनीच्या मोजण्या ताडून हॅरी फील्डिंग रीड यांनी ही उकल मांडली होती.

कॅरिझोचा मोठा भूकंप ९ जानेवारी १८५७ चा, सुमारे ७.९ तीव्रतेचा. त्यात वॉलेस क्रीकजवळ जमीन एका दमात ९ मीटरच्या आसपास सरकली असं बरीच वर्षं मानलं जाई. वर्षाला ३४ मिलिमीटरने तेवढं अंतर साठायला अडीचशेहून जास्त वर्षं लागतात, त्यामुळे पुढच्या भूकंपाला अवकाश आहे असा समज होता. २०१० मध्ये विमानातून लेझरने केलेल्या बारीक मोजणीत या पट्ट्यातली सरासरी सरक ५ मीटरच्या आसपासच निघाली. जिथे ९ मीटर धरले होते, तिथे एकाहून अधिक भूकंपांची सरक एकत्र मोजली गेली होती. त्याच वर्षी, जवळच्याच बिडार्ट फॅन इथल्या चरांतून जुन्या भूकंपांच्या तारखा मिळाल्या: दोन भूकंपांत सरासरी ८८ वर्षं, पण अंतरं अतिशय असमान.

१८५७ नंतर इथे तसा भूकंप झालेला नाही. वर्षाला ३४ मिलिमीटरच्या हिशोबाने एव्हाना पुन्हा पाच मीटरहून जास्त सरक साठली आहे.